शिसं गेलं, नाव राहिलं

कुणी माझ्या खुर्चीमागे उभं राहून "मॅडम, लेडिंग जरा वाढवा ना" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. वाढवते, नाही असं नाही. पगार त्याचाच घेते. पण मनात येतं, वळून विचारावं, बाई गं, लेड म्हणजे काय ते बघितलंयस का कधी? शिसं असतं ते. दोन ओळींच्या मध्ये शिशाची पातळ पट्टी घालायची, म्हणजे ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसत नाहीत, वाचणाऱ्याला जरा उसंत मिळते. ती पट्टी म्हणजे लेड आणि ती घालायची म्हणजे लेडिंग. आता पट्टी नाही, शिसं नाही, घालणारा माणूस नाही. नाव तेवढं मेनूमध्ये जागच्या जागी आहे. पण मी कुणाला काही विचारत नाही. ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

बाबा साकीनाक्याच्या एका छापखान्यात फोरमन होते. छापखाना म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. एका बाजूला पत्रा कापणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पंप बनवणारा, आणि मधे आम्ही. दिवसभर दोन्हीकडून असा खणखणाट की बोलायचं ते ओरडूनच. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा. शेजारणीला वाटायचं, ह्यांच्याकडे रोज भांडण असतं.

राहायला आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. दहावी झाल्यावर बाबांनी मला छापखान्यात नेलं. आईने आकाशपाताळ एक केलं. "पोरीने दिवसभर शिशात हात घालायचे? आणि उद्या हाताला तोच वास येत राहिला तर कोण करील हिला?" बाबा म्हणाले, "टायपिंग शिकून दुसऱ्याची पत्रं बडवण्यापेक्षा हे बरं. हातात कला तरी राहील." कला! बाबांचा हा शब्द पुढे मला फार छळणार होता, पण तेव्हा ऐकायला बरा वाटला.

माझं पहिलं काम खिळे सोडायचं. शिशाच्या एकेका अक्षराला आमच्यात खिळा म्हणतात. बाबा आणि दुसरे दोघं कंपोझिटर खिळे जुळवून मजकूर बांधायचे, तो छापून झाला की मी एकेक खिळा मोकळा करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. बाबांनी बांधायचं, मी सोडायचं. त्या खणांच्या लाकडी पेटीला केस म्हणायचे. इंग्रजीच्या दोन केस असत, एक वर तिरकी ठेवलेली, तिच्यात मोठी अक्षरं, आणि एक खाली हाताशी, तिच्यात लहान. म्हणून वरची ती अप्पर केस आणि खालची ती लोअर केस. एवढं साधं आहे ते. कारखान्यात ओतून आलेला एका मापाचा, एका वळणाचा खिळ्यांचा पूर्ण संच म्हणजे फाँट. हे शब्द मी कुठल्या पुस्तकात वाचले नाहीत, हाताने उचलले आणि जागेवर ठेवले.

आणि जस्टिफाय. हा बाबांचा सगळ्यात लाडका शब्द. लोकांना वाटतं, उजवी कड सरळ दिसावी म्हणून ते असतं. दिसतं छान, ते खरंच. पण त्याचं कारण वेगळं. बाबा डाव्या हातात लोखंडी स्टिक धरायचे, पट्टीसारखी, तीन बाजूंनी बंद. तिच्यात एकेक खिळा उभा करत ओळ भरायची. ओळ भरत आली की शब्दांच्या मधे स्पेस, म्हणजे अक्षर नसलेल्या शिशाच्या बारीक बारीक चिपा, ठोसायचे, जाड काढ, पातळ घाल, असं करत करत ओळ इतकी घट्ट करायची की अंगठ्याने ढकलली तरी हलणार नाही. कारण हे सगळं पान लोखंडी चौकटीत आवळून उचलून मशीनवर न्यायचं असतं. एक जरी ओळ सैल राहिली की ती मधेच निसटते आणि तिच्यामागे अख्खं पान जमिनीवर. मॅटर सांडलं म्हणायचे त्याला. सांडलं की संपलं, दिवसाचं काम मातीत. बाबा मला पहिल्यापासून एकच सांगायचे, "ओळ घट्ट हवी गो. दिसूक बरी नसली तरी चालात, पण घट्ट हवी."

त्यामुळे कुणाच्याही हातात पान उचललेलं असलं आणि कुठे काही हलल्यासारखं वाटलं, की बाबांचे दोन्ही हात आपोआप खाली जायचे, झेलायला. घरीसुद्धा. आईच्या हातातलं ताट जरा तिरकं झालं की ह्यांचे तळवे ताटाखाली. आम्ही हसायचो. आई म्हणायची, "भात आहे हो, तुमचे खिळे नव्हेत."

आमच्या छापखान्यात दसऱ्याला एक रीत होती, पहिल्या ओळीची. मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, केसना हळदकुंकू लावून झालं की फोरमनने स्टिक हातात घ्यायची आणि 'श्री गणेशाय नमः' एवढी एकच ओळ जुळवायची. ती लाल शाईत छापायची आणि आपट्याच्या पानाबरोबर प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची, मालकांपासून हमालापर्यंत. मालक मुलुंडहून बायकोमुलांना घेऊन यायचे. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, आणि शाईत हात घालूनसुद्धा त्यावर कधी डाग पडू द्यायचे नाहीत. वर्षातून एक दिवस सगळे त्यांच्या हाताकडे बघत उभे राहायचे. बाबांना ते फार आवडायचं. का नाही आवडणार?

ऐंशीचं दशक संपायला आलं आणि अशाच एका दसऱ्याला मालकांनी टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला. पूजा त्याचीही झाली, केसचीही झाली. पहिली ओळ बाबांनीच काढली. पेढे वाटून झाल्यावर मालकांनी बाबांना बाजूला घेतलं. मी तिथेच होते.

"फोरमन, आता खरं सांगतो. हे खिळेबिळे फार दिवस चालणार नाहीत. लोकांना कॉम्प्युटरचं काम पाहिजे. मी सगळं काढून टाकणार. पण खुर्ची एकच आहे, बसणारा एकच लागणार."

बाकीचे दोघं कंपोझिटर शहाणे होते. एकाने मुकाट्याने गावची वाट धरली, दुसरा कुठेतरी वॉचमन लागला. राहिलो बाबा आणि मी.

"मुलीला क्लासला पाठवतो," मालक म्हणाले, "तिने तुम्हाला शिकवायचं. ती काय, आज ना उद्या लग्न करून जाईल. तुम्हाला जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं, तर मग माझाही इलाज नाही."

मला राग आला तो ह्या 'लग्न करून जाईल'चा. बाबांना मात्र राग आलाच नाही. घरी येताना बसमध्ये ते अगदी खुशीत होते. रिटायर व्हायला त्यांना अजून बराच अवकाश होता, आणि कामाशिवाय घरात बसलेल्या बाप्यांची टेकडीवर काय किंमत असते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. गिरण्या बंद पडून घरी बसलेले कितीतरी जण आमच्या गल्लीत दिवसभर पायऱ्यांवर पत्ते कुटत. बाबा रोज त्यांच्यासमोरून डबा घेऊन कामाला जायचे. त्यांना त्या पायरीवर बसायचं नव्हतं, एवढंच.

क्लास अंधेरीला, स्टेशनजवळच्या एका इमारतीत, खाली मिठाईचं दुकान. शिकवणारा माझ्याच वयाचा. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. त्याने फळ्यावर एकेक शब्द लिहायला सुरुवात केली. फाँट. पॉइंट. लेडिंग. इंडेंट. जस्टिफाय. अप्पर केस. मी बघतच राहिले. परदेशात जाऊन कुणी भेटावं आणि ते आपल्याच वाडीतलं निघावं, तसं झालं. न राहवून मी बोलले, "सर, अप्पर केस का म्हणतात माहितीये? मोठ्या अक्षरांची पेटी वर असायची ना, म्हणून. आम्ही अजून वापरतो." तो हसला. चांगला होता बिचारा, उगाच त्याला बोल लावणार नाही. "असेल हो मॅडम," म्हणाला, "पण ते परीक्षेत येत नाही." आणि पुढच्या शब्दाकडे वळला.

झालं. खेळ खलास. बाबांनी आयुष्य घातलं त्यात, ते परीक्षेत येत नाही.

एक शब्द तर असा होता की मला त्याचा संतापच आला. परिच्छेदातली शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली, तर तिला विडो म्हणायचं. विधवा. ती एकटी तिथे दिसता कामा नये, म्हणून प्रोग्रॅममध्ये खास सोय. छापखान्यातही हा शब्द होताच, पण बाबा तो माझ्यासमोर उच्चारत नसत, नुसतं 'एकटी ओळ' म्हणायचे. नाव ठेवणारा पुरुषच असणार, दुसरं कोण?

पण बाबांना घरी जाऊन हे शब्द सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रोज मी चपला काढते न काढते तोच त्यांचा प्रश्न, "काय गो, आज काय शिकवल्यानी?" मी सांगायची. ते मांडीवर थाप मारायचे. "ह्या सगळा आमचाच आसा गो! शब्द आमचे, म्हणजे घर पण आमचाच. भाड्याक दिलेला परत मिळाला, एवढाच." एका पुठ्ठ्यावर मी त्यांना कीबोर्ड काढून दिला होता. त्याच्यावर बोटं फिरवत बसायचे. आईला म्हणायचे, "बघ, म्हणत होतीस ना छापखान्याचं काही खरं नाही? अमेरिकेतल्या मशीनला पण लेडिंग लागतं." आई म्हणायची, "लागू दे. जेवून घ्या." मला मात्र तेव्हापासूनच खात्री वाटत नव्हती. क्लासमध्ये मी बघत होते ना. शब्द तेच होते, पण काम दुसरंच होतं.

थंडी सरता सरता मालकांनी परीक्षा घेतली. शेजारच्या पंपवाल्यांची इंग्रजी माहितीपुस्तिका आली होती, पंप कसा बसवायचा, कसा चालवायचा. "फोरमन, हे तुम्ही करा. एकट्याने. मुलीने हात लावायचा नाही. जमलं तर विषय संपला." मला त्यांनी दुसऱ्या टोकाला केसवर बसवलं, शेवटच्या लग्नपत्रिका जुळवायला.

बाबा सकाळी यायचे, कीबोर्डला नमस्कार करायचे आणि दोन बोटांनी सुरू व्हायचे. मी लांबून कानोसा घ्यायची. टक, टक, टक, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मोठी टक. ती मोठी टक कशाची ते मला लगेच कळलं. एंटर मारत होते. प्रत्येक ओळ संपली की एंटर. आणि त्याआधी शब्दांच्या मधे स्पेस, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, उजवी कड सरळ रेषेत येईपर्यंत. मशीनने एका आज्ञेत केलं असतं ते बाबा हाताने करत होते. स्टिकमध्ये करायचे तसं.

संध्याकाळी मी घरी तोंड सोडलंच. "बाबा, ओळ संपली की ती आपली आपण खाली येते. एंटर नाही मारायचा. आणि त्या स्पेसा कशाला भरताय? जस्टिफायची आज्ञा आहे, मी शिकवली ना तुम्हाला?"

"शिकवलंस की."

"मग?"

"ओळ कधी आपसूक बसता काय?" बाबा शांतपणे म्हणाले. "बसवणाऱ्यान बसवची लागता. मशीनचा काय? आज बसयतला, उद्या सोडतला."

"अहो, ते शिसं नाहीये, सांडायला! दिवे आहेत ते नुसते, काचेच्या आत!"

"माका जस्टिफाय शिकवू नको," बाबांचा आवाज चढला. "तुझ्या जन्माच्या आधीपासून करतंय."

आई मधे पडली. मी ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. काय करायचं ह्या माणसाचं? खरं सांगते, मला त्यांचा इतका राग आला होता की वाटलं, जाऊ दे, बुडू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मालकांनी हात लावायला बंदी केलेली, आणि बाबांनी बोलायला.

पुस्तिका झाली. प्रिंटरने करकर करत पानं बाहेर टाकली आणि मालक बघतच राहिले. काय पानं होती! उजवी कड अशी सरळ, की गवंड्याने ओळंबा लावावा. परिच्छेदांच्या मधली जागा सगळीकडे सारखी. चूक शोधून सापडणार नाही. "झकास, फोरमन!" मालक म्हणाले. "मानलं तुम्हाला." बाबांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, की बघितलंस? त्या संध्याकाळी त्यांनी येताना जिलेबी घेतली, आणि पत्ते कुटणाऱ्यांच्या पायरीवर थांबून त्यांनाही एकेक दिली. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो एकदाचे.

दोन-चार दिवसांनी पंपवाल्यांचा मॅनेजर पानं घेऊन परत आला. काम आवडलं होतं, पण पुस्तिका पंपाच्या खोक्यात मावत नव्हती. रुंदी थोडी कमी करून द्या, म्हणाला.

"त्यात काय!" मालक म्हणाले. "खिळे असते तर सगळं परत जुळवावं लागलं असतं. हा कॉम्प्युटर आहे. आत्ता तुमच्यासमोर करून दाखवतो." आणि बाबांना उठवून ते स्वतः खुर्चीवर बसले. बाबा बाजूला उभे. मी हातातली पत्रिका टाकून धावत आले, "मालक, थांबा, थांबा जरा," पण शेजारी पत्रा कापायचं मशीन असं किंचाळत होतं की माझं मलाच ऐकू येईना. मालकांनी रुंदीचा आकडा बदलला आणि बटण दाबलं.

पान फुटलं. दुसरा शब्द नाही त्याला. एक ओळ भरलेली, तिच्याखाली दोन शब्द लोंबकळत, परत एक भरलेली, परत एक तुटकी. शब्दांच्या मधे जिथे तिथे भोकं, कारण बाबांनी ठोसलेल्या स्पेसा तिथेच राहिल्या आणि ओळी खाली सरकल्या. मालक खालचं बटण दाबत गेले तसतसं एकेक पान डोळ्यांसमोर फुटत गेलं.

आणि बाबांचे दोन्ही हात गेले ना! पडद्याखाली. तळवे वर करून, बोटं जुळवून, कंबरेत वाकून. झेलायला.

एक क्षण कुणालाच कळलं नाही हा माणूस काय करतोय. मग मालकांना कळलं, आणि ते हसत सुटले. "अहो फोरमन, सांडणार नाही काही! काच आहे ती!" मॅनेजरही हसला. मालकांनी त्याला समजावून सांगितलं, जुने कंपोझिटर ना, त्यांना सवय असते, आणि तो पुन्हा हसला. बाबांनी हात मागे घेतले आणि शर्टाला पुसले, हाताला काही लागलेलं नसताना. माझ्या अंगाची नुसती आग झाली. आजही, हे लिहिताना, त्या दोघांचे दात मला दिसतात.

हसून झाल्यावर मालकांनी डोक्याला हात लावला. "वाट लागली सगळी. हे सोडवायचं कसं आता?" मग माझ्याकडे बघितलं. "तुला येतं ना? बस तू."

मी जागची हलले नाही. बाबा म्हणाले, "बस गो."

"बाबा..."

"बस म्हणतंय ना."

बसले. काय करणार होते? प्रत्येक ओळीच्या शेवटी जायचं, बाबांचा एंटर पुसायचा. शब्दांच्या मधे जायचं, बाबांच्या स्पेसा पुसायच्या. एक ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. पानच्या पानं. त्यांनी बांधलेलं मी सोडत बसले, पहिल्या दिवसासारखं. फरक एवढाच की तेव्हा सोडलेला खिळा खणात पडल्याचा आवाज यायचा, आणि बाबा न बघताच सांगायचे, चुकीच्या खणात टाकलास. आता आवाज नव्हता. बाबा स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले होते, शेवटपर्यंत. सगळं सोडून झाल्यावर मी जस्टिफायची आज्ञा दिली आणि सगळ्या ओळी आपापल्या आपण बसल्या. आपसूक.

त्यानंतर खुर्ची माझी. लग्न करून जाणारी मी, अजून तिथेच आहे म्हणा ना. छापखाना बदलला, खुर्ची तीच.

उन्हाळ्यात भंगारवाला आला. मराठीचं काम मालकांनी सोडूनच दिलं होतं, आमच्या कॉम्प्युटरला तेव्हा मराठी येत नव्हती. शिसं कुठलं आणि रेघांच्या पट्ट्यांचं पितळ कुठलं ते भंगारवाल्याला वेगळं करून द्यायला बाबांना बोलावलं. आणि गेले ते! मी म्हटलं, जाऊ नका, त्यांचं ते बघतील. तर म्हणाले, दुसऱ्या कुणी केलं तर मिसळेल. एकेक खण उपडा करून ते गोणीत ओतत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून कुठल्याशा कंपनीची पत्रकं टाईप करत होते. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. रिकाम्या केस शेजारच्या पत्रेवाल्याने नेल्या, स्क्रू आणि वॉशर ठेवायला. मालकांनी बाबांना शाल आणि नारळ दिला, आणि त्यांची स्टिक त्यांना ठेवून घ्यायला सांगितली. बाबा पायरीवर पत्ते कुटायला कधी बसले नाहीत. घरातच बसायचे, दाराकडे पाठ करून.

तरी संध्याकाळी विचारायचे. "काय गो, आज लेडिंग किती ठेवलंस?" मी सांगायची. खरं तर बऱ्याचदा मला आठवतही नसायचं, मग काहीतरी आकडा ठोकून द्यायची. ते विचार करून म्हणायचे, जरा जास्त झाला, किंवा बरोबर. तेवढंच त्यांचं छापखान्यात जाणं.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक मला म्हणाले, "उद्या फोरमनना घेऊन ये. पहिली ओळ काढायची आहे ना." मी घरी सांगितलं. बाबांनी पांढरा शर्ट काढून स्वतः इस्त्री केला. सकाळी निघताना बघते तर काखेत कापडी पिशवी. "ह्यात काय?" तर म्हणाले, "असू दे." बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तेव्हा मला तिच्यातली स्टिक जाणवली. त्यांना वाटलं होतं, पहिल्या ओळीपुरते तरी खिळे मालकांनी ठेवले असतील. मूठभर. एका ओळीला लागतात ते किती? मला माहीत होतं की एकही ठेवलेला नाही. ते ओतत होते ना, स्वतःच्या हाताने, शेवटच्या खणापर्यंत. तरी वाटलं त्यांना. बसमध्ये सांगायला माझी जीभ उचलली नाही.

झेंडूची माळ कॉम्प्युटरला. हळदकुंकू कीबोर्डला. मालकांची बायकोमुलं कौतुकाने उभी. "हं," मालक मला म्हणाले, "टाईप कर. गणपतीचं नाव, इंग्रजीत. सगळं अप्पर केस." मी टाईप केलं. बाबा पिशवी धरून भिंतीशी उभे. प्रिंटर करकरला आणि काळ्या ठिपक्याठिपक्यांची ओळ बाहेर आली. मालकांनी कागद फाडून एकेकाला दिला, आपट्याच्या पानाबरोबर. बाबांपाशी आले तेव्हा मोठ्या प्रेमाने हसून म्हणाले, "सोनं घ्या, फोरमन. बघा बघू, लेडिंग बरोबर आहे ना?"

एकच तर ओळ होती. एका ओळीला कसलं लेडिंग?

"बरोबर आसा," बाबा म्हणाले. पेढा खाल्ला, मालकांच्या मुलांना आशीर्वाद दिला. परत येताना बसमध्ये खिडकीशी बसले. पिशवी पायाशी ठेवली होती, मांडीवर नाही. असल्फा जवळ आलं तेव्हा ते एकदम बोलले, आणि सवयीने मोठ्याने बोलले, सगळ्या बसने वळून पाहिलं.

"शिसा काढल्यानी. माणसां काढल्यानी. मग नाव कित्याक ठेवल्यानी गो? ता पण काढूक सांग."

त्यानंतर त्यांनी लेडिंग किती ठेवलंस असं मला कधीच विचारलं नाही. आणि ते नाव काढायला कुणाला सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.